काळ्या आतड्याचा फोटो

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न का झालं नाही हेही विचारलं नाही. म्हणाले, "जीभ दाखवा."

मी सावेडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी तिशीतली बाई. असल्या माणसाला पायरीवरूनच दोन शब्द सुनावून निघून यायला हवं होतं. पण खोली हवेशीर होती, शाळा दहा मिनिटांवर होती, आणि मी जीभ दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती नीट पाहिली. "थर आहे," म्हणाले. "पण जुना नाही. निघेल. पाणी सकाळी सहाला येतं."

त्या दिवशी बाहेर काढलेल्या जिभेचा मला आजही राग येतो. त्यांचा जेवढा येतो तेवढाच. त्यांचा विषय निघाला की माझ्या शाळेतल्या बाया हसतात, "काय वल्ली होते गं तुझे मालक" म्हणतात. मला हसू येत नाही. वल्ली लांबून बघायला बरी असते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या वल्लीच्या शेजारी पाट मांडून चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढली होती.

ते श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. निवृत्त झाल्यावर सावेडीत बंगला बांधला, पण डोक्यातला कारखाना काही बंद झाला नाही. सगळे त्यांना साहेब म्हणत, मीही म्हणायचे. ते मला बाई म्हणत, शाळेतल्या बाई म्हणून. कारखान्यात उसाचा रस आटवायची मोठाली भांडी असतात, त्यांना 'बॉडी' म्हणतात. बॉडीच्या आत शेकडो नळ्या. रस आटता आटता नळ्यांना आतून कडक थर धरतो, त्याला 'स्केल' म्हणतात. मग गाळप थांबवायचं, बॉडीत कॉस्टिक सोडा घालून उकळायचं, नळ्या ब्रशनं खरवडायच्या आणि पुन्हा सुरू करायचं. हे सगळं मी पहिल्या आठवड्यातच ऐकलं, कारण साहेब ते दूधवाल्यालाही सांगायचे.

"माणूस म्हणजे काय हो, बाई? बॉडी. आत एकच नळी, पण पंचवीस फुटांची. तिला स्केल धरणार नाही? आमच्याकडे पंधरा दिवसांनी क्लीनिंग व्हायचं. तुमचं जन्मल्यापासून एकदा तरी झालंय का?"

हे क्लीनिंग म्हणजे सोनामुखीचं चूर्ण. सोनामुखीचा पाला वाळवायचा, मिक्सरमधून काढायचा, वस्त्रगाळ करायचा. पूड स्टीलच्या डब्यात भरून वर चिठ्ठी चिकटवायची: बॅच नंबर, तारीख. चमचा भरून वरून सुरीच्या पाठीनं सपाट करायचा. कोणी किती घेतलं आणि सकाळी काय निकाल लागला, ते सगळं रजिस्टरात. पाहुणा मुक्कामाला आला तर त्याच्याही नावाचं पान उघडायचं.

सकाळी सातला ते जिन्याच्या तळाशी उभे असायचे. नमस्कार नाही, 'चहा झाला का' नाही. एकच शब्द, "झालं?" पेपर टाकणाऱ्याला तेच, भाजीवालीला तेच, मला न्यायला आलेल्या आमच्या मुख्याध्यापिकेलाही तेच. समोरच्या बंगल्यातले म्हातारे वारले तेव्हा सांत्वनाला गेले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात त्यांचं होत होतं का?" तो बिचारा रडायचा थांबून विचार करायला लागला. मी तिथून उठून बाहेर आले.

मी स्वतः चूर्ण दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा सरळ नाही म्हणाले. ते रुसले, महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि तो महिना मला फार सुखाचा गेला. मला 'नाही' म्हणता आलं, कारण माझ्या खोलीला कडी होती. काकूंच्या खोलीला कडी असून उपयोग नव्हता.

काकू माझ्याच गावच्या, काष्टीच्या. मला खोली मिळाली ती त्यामुळेच. जिभेची तपासणी चालली होती तेव्हा त्या आतून पदराला हात पुसत आल्या होत्या, आणि गाव त्यांनीच विचारलं होतं. "काष्टीची हाय व्हय तू? मग माजी भाचीच झालीस की," म्हणाल्या, आणि साहेबांचा निर्णय व्हायच्या आधीच किल्ली माझ्या हातात दिली. बारीक चणीच्या, रंगानं सावळ्या, चालताना कायम डावा हात पोटावर. मला वाटायचं ती त्यांची सवय आहे.

लग्नाच्या वेळी काकूंच्या पोटाची काही तक्रार नव्हती. "काष्टीला असताना भाकर खायची, रानात जायचं. पोट म्हनून काय असतं ते ठावं न्हवतं," त्या म्हणायच्या. पुढे साहेबांनी सुरू केलं. आधी पंधरा दिवसांतून एकदा, मग आठवड्याला, मग रोज जेवणानंतर एक सपाट चमचा. तीस वर्षं. आता चूर्णाशिवाय काकूंचं आतडं हलायचंच नाही, आणि ते हलत नाही हाच चूर्णाची गरज असल्याचा पुरावा. साहेब समोर उभे राहायचे. गिळलं की म्हणायचे, "तोंड उघडा."

"तुम्ही 'नाही' का म्हणत नाही?" मी एकदा विचारलं.

"न्हाई म्हनलं तर ताटावर बसत न्हाईत," काकू म्हणाल्या. "मी घेईस्तवर उपाशी ऱ्हात्यात. एकदा दोन दिस ऱ्हायलं. मानूस उपाशी ठिवून मी कशी जेवू?"

हे ऐकून मला काकूंचाही राग आला होता. पण खरा राग यावा असं काम माझ्याच हातून होत होतं. दर पंधरा दिवसांनी मी आईला भेटायला काष्टीला जायचे आणि येताना आठवडे बाजारातून साहेबांसाठी सोनामुखीचा पाला आणायचे. कापडी पिशवी मांडीवर घेऊन एसटीत बसायचे. सातवीच्या वर्गात पचनसंस्थेचा तक्ता लावून मोठं आतडं, लहान आतडं शिकवायचे, पोरांना नावं पाठ करायला लावायचे, आणि शनिवारी ती पिशवी काकूंच्या हातात द्यायचे. विज्ञानाची पदवी घेतलेल्या बाईला दोन-अडीच वर्षं त्यात काही वावगं दिसलं नाही.

साहेबांची एकच गोष्ट मला आवडली होती. मी राहायला गेले त्या महिन्यात काकूंनी मला जेवायला बोलावलं. फोन आला आणि आमटी खाली लागली. करपल्याचा वास वरच्या खोलीपर्यंत आला होता. मी कसाबसा भात संपवला. साहेबांनी मात्र आमटी दोनदा मागून घेतली, आणि "छान झाली आहे" म्हणाले. मला वाटलं, माणूस चक्रम आहे, पण बायकोचं मन राखतो. कितीतरी दिवस मी या एका गोष्टीवर त्यांचं बाकीचं सगळं माफ करत राहिले.

मग काकूंचं वजन उतरायला लागलं. पायात गोळे यायचे, जिना चढताना धाप लागायची. साहेब म्हणाले, "स्केल वाढलंय." मी ऐकलं नाही, काकूंना रिक्षात घातलं आणि पोटाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी दुर्बीण घालून आतडं बघायचं ठरवलं. तपासणीनंतर डॉक्टरांनी मला संगणकावर चित्र दाखवलं. आतड्याची आतली बाजू गुलाबी असायला हवी, तक्त्यात तशीच असते. काकूंची भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी होती. काळीतपकिरी, मध्ये मध्ये फिकट रेघा.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "हा डाग औषधाचा आहे. सोनामुखी वर्षानुवर्षं घेतली की आतड्याच्या अस्तरात असा रंग साठतो. रंगानं काही बिघडत नाही, आणि चूर्ण बंद केलं की वर्षभरात तो आपोआप जातो. मला काळजी या दुसऱ्या कागदाची आहे. यांचं पोटॅशियम फार खाली गेलंय. ते असंच चाललं तर एक दिवस हृदयाचे ठोके चुकतील. चूर्ण आजपासून बंद."

मी फोटो घेऊन घरी आले. मला वाटलं होतं, आता साहेबांच्या तोंडून शब्द फुटणार नाही. केमिस्ट माणूस, पुरावा समोर आहे. त्यांनी टेबलावरचा दिवा लावला, भिंग काढलं, फोटोवर बराच वेळ वाकून राहिले. वर बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तीस वर्षं," ते म्हणाले. "तीस वर्षं मी सांगतोय, आणि कोणी मानलं नाही. हे बघा. हे स्केल. असंच असतं. बॉडी उघडली की अगदी असंच दिसायचं."

"साहेब, तो डाग चूर्णाचाच आहे. डॉक्टर म्हणाले."

"डॉक्टरनं किती बॉड्या उघडल्या असतील? मी तीस हंगाम उघडल्यात." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "डोस कमी पडला. माझीच चूक झाली."

त्या दिवसापासून काकूंना दोन चमचे सुरू झाले. मी भांडले, डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला, पाला आणणार नाही म्हणाले. ते पुण्याच्या व्यापाऱ्याकडून पार्सलनं मागवायला लागले. तीन आठवड्यांनी सकाळी काकू ओट्यापाशी कोसळल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा नर्सला नाडी नीट लागत नव्हती. दोन दिवस पोटॅशियमची सलाईन चालू होती, छातीला तारा लावलेल्या, आणि त्या पडद्यावरची रेघ बघत मी बसले होते.

साहेब बाहेर बाकावर होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "बॉडी उकळताना प्रेशर थोडं उतरतंच, बाई. काळजी करू नका."

तिथे मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. वॉर्डबॉय धावत आला एवढं सांगते. तुम्ही माणूस आणि भांडं यातला फरक विसरलात, त्या मेल्या तर रजिस्टरात काय लिहाल, असं मी म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मग अगदी खऱ्या काळजीनं विचारलं, "तुमचं आज झालं नाही का?"

तेव्हा मला कळलं, या माणसाशी भांडण्यात अर्थ नाही.

काकूंना तर ते केव्हाच कळलेलं होतं. तिसऱ्या दिवशी उठून बसल्या, खोलीत आम्ही दोघीच होतो. म्हणाल्या, "पोरी, त्यास्नी सांगून भागायचं न्हाई. तू पाला बदल."

"म्हणजे?"

"तुज्या बांधावर शेवगा हाय न्हवं? त्येचा पाला वाळीव, चुरून आन. म्हनावं, बाजारवाला आता चुरूनच देतो. पिशवी तीच ठिव."

"त्यांना वासावरून कळेल. ते तर म्हणतात, रसाचा नुसता वास घेऊन ते गोडी सांगायचे."

काकू हसल्या. "सांगायचे. कारखान्यात रस पांढरा कराया गंधक जाळत्यात, त्येचा धूर नाकात जाऊन वास कवाच गेला. ईस वरसं झाली. कुनाला सांगत न्हाईत. मलाबी सांगितलं न्हाई, पर चुलीपाशी मी असते. करपल्यालं आवडीनं खात्यात."

मला ती आमटी आठवली. मी ज्याला मायेचं वागणं समजले होते ते नुसतं बंद पडलेलं नाक होतं. त्या एका गोष्टीवर मी त्यांना दिलेली सगळी माफी मी तिथल्या तिथे परत घेतली.

पाला बदलला. साहेबांनी पार्सल बंद केलं, मी पुन्हा बाजारातून आणायला लागले याचा त्यांना आनंदच झाला, त्यांना वाटलं मी शरण आले. डॉक्टरांना विचारून काकू त्या पुडीत इसबगोल मिसळायच्या. डबा तोच, चिठ्ठी तीच, बॅच नंबर पुढचा. आणि त्याच डब्यातून साहेब स्वतःही रोज घ्यायचे. पहिले दोन महिने दोघांचे हाल झाले. काकूंनी गुपचूप सोसले. साहेबांनी रजिस्टरात लिहिलं, "काष्टीचा पाला या वर्षी हलका." सहाव्या महिन्यात लिहिलं, "आजवरची सर्वोत्तम बॅच." काकूंचा डावा हात पोटावरून निघाला. गाल भरले. संध्याकाळी माझ्याबरोबर बागेपर्यंत चालत यायला लागल्या.

वर्षानं डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. फोटो स्वच्छ गुलाबी आला. मी आनंदानं तो काकूंच्या हातात दिला आणि तिथेच चूक केली, कारण तो साहेबांच्या हातात गेला.

त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. काळा आणि गुलाबी. "बघा," ते म्हणाले, "शेवटी स्केल निघालं."

महिन्याभरात बागेच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात त्यांचं भाषण ठरलं. त्यांनी दोन्ही फोटोंचा सहा फुटी फ्लेक्स करून आणला. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. काकू म्हणाल्या, "पुढाऱ्यांचे लावत्यात, तसं माजं आतडं लावलं बघ." त्या हसल्या, मला मात्र तो फ्लेक्स फाडावासा वाटला. सभेत वाटायला साहेबांनी पुण्याहून पोतंभर सोनामुखी मागवली, अस्सल. दोन दिवस दुपारी बसून काकूंनी आणि मी पुड्या बांधल्या. हो, मीही बांधल्या. मी काकूंना म्हणाले, "आता खरं सांगायला हवं." त्या म्हणाल्या, "राहू दे. चार लोकांत त्यांचं नाक कापू नगं. लोक घरी नेऊन टाकून देत्यात." मी गप्प बसले. भांडायला मला आवडतं, पण काकूंच्या शब्दामागे लपायची सोय होती आणि मी लपले.

हॉल भरला होता. साहेब अर्धा तास बोलले, बॉडी, नळ्या, स्केल, आणि शेवटी काठीनं फ्लेक्सवर टकटक करत, "हा पुरावा. माझ्या घरातला." टाळ्या पडल्या. लोक टेबलाशी रांग लावू लागले. कोणीच टाकून देणार नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. रांगेत दुसऱ्या नंबरवर आमच्या मागच्या गल्लीतल्या आजी होत्या. त्यांना हृदयाच्या गोळ्या चालू होत्या, रोज सकाळी त्या काकूंकडून गोळीचं नाव वाचून घ्यायच्या. त्यांनी दोन पुड्या उचलल्या. एक स्वतःला, एक बहिणीला.

मी पाचव्या रांगेत बसले होते. मला उठायचं होतं. मी उठले नाही.

पुढच्या रांगेतून काकू उठल्या. "आक्का," त्या म्हणाल्या, "ती पुडी खाली ठिव."

काकू फ्लेक्सपाशी गेल्या आणि काळ्या फोटोवर हात ठेवला. "ह्यो डाग चूर्नाचाच हाय. डाक्टरनी सांगितलं हुतं. ह्येच्यापायी माजं काळीज बंद पडाया आलं हुतं." मग गुलाबी फोटोवर. "आन ह्ये चूर्न सुटल्यावरचं. वरीस झालं, डब्यात शेवग्याचा पाला हाय. म्या बी त्योच खाल्ला आन ह्यांनी बी त्योच खाल्ला. पुड्या कुनी नेऊ नगा."

साहेब आधी हसले. "रजिस्टर आहे माझ्याकडे," ते लोकांना म्हणाले. "प्रत्येक बॅच मी तपासली आहे." मग काकूंकडे बघून हसू थांबलं. "शेवगा असता तर मला वास आला असता."

"आवो," काकू म्हणाल्या, आणि इतका वेळ खणखणीत असलेला त्यांचा आवाज एकदम खाली आला, "तुमास्नी वास येऊन ईस वरसं झाली. म्या कुनाला कळू दिलं न्हवतं."

साहेब खुर्चीवर बसले. त्या आजींनी पुड्या टेबलावर ठेवल्या, मागच्यांनीही ठेवल्या.

घरी आल्यावर काकू स्वयंपाकाला लागल्या. साहेब सरळ गच्चीवर गेले. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. संध्याकाळचं ऊन होतं. कठड्यावर त्यांनी दोन बशा मांडल्या होत्या, एकीत डब्यातली पूड, दुसरीत पुडीतली. दोन्ही हिरवट. ते एक बशी नाकाशी न्यायचे, ठेवायचे, दुसरी उचलायचे. बशा इतक्या वेळा हलवल्या होत्या की कोणती कुठली हे त्यांना कळेनासं झालं होतं.

"बाई," ते म्हणाले. कधी नव्हे ते गावाकडचं बोलणं तोंडात आलं होतं. "ह्यातली सोनामुखी कंची? मला कायच येत न्हाई."

मला जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच दोन्ही वास वेगवेगळे येत होते. एक बोट दाखवायचं होतं फक्त. मला काकूंच्या छातीवरच्या तारा आठवल्या, पडद्यावरची रेघ आठवली, "तुमचं आज झालं नाही का" आठवलं.

"तुम्हीच सांगा, साहेब," मी म्हणाले आणि खाली आले. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

काकूंनी मलाही पान वाढलं. आमटी पार करपली होती, सगळ्या घरात वास भरला होता. त्या दिवशी त्यांचं लक्ष कुठलं असणार. मी एक घास घेतला आणि वाटी बाजूला सारली. साहेब येऊन बसले, मान खाली घालून भात कालवला.

त्यांनी आमटी दोनदा मागून घेतली. काकूंनी दोन्ही वेळा वाढली.